कुनोचे खोरे आणि एक सकाळ : ग्वाल्हेरहून केलेल्या जंगलफेरीविषयी अभिप्राय

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आई, थोरले बंधू, वहिनी आणि मी असे चौघे जण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरून, आफ्रिकेतून आणलेले चित्ते जिथे आहेत त्या कुनो राष्ट्रीय उद्यानाला गेलो, उद्यानाबाहेर एक रात्र मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची जंगलफेरी करून संध्याकाळपर्यंत परत आलो. चित्ता दिसला नाही. हे आधीच सांगतो, कारण परत आल्यापासून दौलतगंजातले आमचे नातलग तेवढा एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकून हळहळतात. हळहळण्यासारखे काही घडलेले नाही. आपल्या शहरापासून चार तासांच्या वाटेवर एका नदीचे सबंध खोरे जंगलासह राखून ठेवलेले आहे आणि ते पाहायला मला वयाची पन्नाशी उलटावी लागली, याचीच मला खंत वाटली, आणि म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मात्र मनासारखी झाली नव्हती. आरक्षणाचे काम आम्ही शहरातल्या एका खासगी प्रवास व्यावसायिकाकडे सोपवले होते. ‘चित्ता हमखास दाखवू’ असे सांगून त्याने फेरीच्या शुल्काखेरीज वेगळी रक्कम घेतली, आणि जंगलाच्या दारात पोहोचल्यावर कळले, की आमच्या हातात इतर सर्वांना मिळते तेच प्रवेशपत्र आहे. अशी हमी कोणालाच देता येत नाही. काही चित्ते मोठ्या कुंपणांच्या आत असतात आणि तिकडे पर्यटकांना नेले जात नाही. जे मोकळ्या जंगलात सोडलेले आहेत ते आपल्या मर्जीने फिरतात, त्यांच्या मागावर असतात ती वनविभागाची देखरेख करणारी पथके, पर्यटकांच्या जीपगाड्या नव्हेत. ज्यांना जायचे आहे त्यांनी आरक्षण स्वतः करावे आणि कोणी हमी देऊ लागला तर तिथेच नमस्कार करून उठावे.

ग्वाल्हेरहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिवपुरी, तिथून पोहरीमार्गे श्योपूरच्या रस्त्याला लागून सेसईपुरा, आणि तिथून टिकटोलीचे प्रवेशद्वार, असा आमचा मार्ग होता. उद्यानाला टिकटोली, अहेरा आणि पिपलबावडी अशी तीन प्रवेशद्वारे आहेत. आपले आरक्षण कोणत्या दाराचे आहे हे पाहूनच मुक्काम ठरवावा, कारण एका दाराहून दुसऱ्याकडे जायचे म्हटले तर सकाळ रस्त्यातच संपते. आईला हा रस्ता नवा होता. तिच्या लेखी श्योपूर म्हणजे ‘छोटी लाईन’. शिंदे संस्थानाने बांधलेली, दोन फुटी रुळांवरून सुमारे २०० किलोमीटर धावणारी ती गाडी २०२० मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी आता मोठी लाईन होत आहे. लहानपणी आई तिच्यातून सबलगडपर्यंत गेली होती. खिडकीतून दिसणाऱ्या रानात उतरू नये, असे तेव्हा मोठी माणसे बजावत, आणि आज आपण त्याच मुलुखातल्या रानात शुल्क भरून चाललो आहोत, याचे तिला शेवटपर्यंत नवल वाटत होते.

मुक्कामाची जागा स्वच्छ होती, जेवण साधे आणि गरम होते. तक्रार एकच, पण ती मोठी आहे. रात्री उशिरापर्यंत आवारात ध्वनिक्षेपकावर गाणी चालू होती. रातवा पक्ष्याची हाक आणि कोल्हेकुई ऐकायला आलेल्या माणसांना ती ऐकू येऊ नये आणि लगतच्या जंगलातल्या प्राण्यांनाही विसावा मिळू नये, हे कोणत्याही निवासाच्या मालकाला शोभणारे नाही. मी सकाळी तसे स्पष्ट सांगितले आणि नोंदवहीतही लिहून ठेवले.

पहाटे दारावर ओळखपत्रांची तपासणी झाली, वाटाड्या आमच्या जीपमध्ये बसला आणि उजाडता उजाडता आम्ही आत शिरलो. या वाटाड्याविषयी पुढे लिहितोच, कारण या फेरीला जे मोल आले त्याचा मोठा वाटा त्याचा आहे. तो जवळच्याच एका गावातला सहरिया समाजाचा तरुण होता. मध्य प्रदेशात विशेष मागास आदिम जमाती म्हणून नोंदलेल्या तीन समाजांपैकी सहरिया हा एक, आणि या खोऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला. आईला तो ‘अम्मा’ म्हणू लागला आणि पहिल्याच वळणावर त्याने गाडी थांबवून तिला एक झाड दाखवले.

ते झाड करधईचे होते. धावड्याच्या कुळातले, फार उंच न वाढणारे, बारीक खाली झुकलेल्या फांद्यांचे हे झाड कुनोच्या उतारांवर इतके दाट आहे, की डोंगरच्या डोंगर त्याच्याच रंगाचा दिसतो. मार्चमध्ये तो रंग तांबूस करडा होता. पाने वाळलेली, पुष्कळशी गळून गेलेली, आणि त्यांच्यामधून दगड दिसत होते. वाटाड्याने सांगितले, की पावसाचा थेंब पडण्याआधीच, हवेत नुसता ओलावा आला तरी करधईला पालवी फुटू लागते, आणि मग जूनच्या अखेरीला जो डोंगर मेलेला वाटतो तो चार दिवसांत हिरवा होतो. हवेच्या ओलीवर पालवणारे झाड म्हणून करधईची ख्याती या मुलुखात जुनी आहे. करधईच्या जोडीला सलई आणि खैर. सलईचे फिकट, कागदासारखे पापुद्रे सुटलेले खोड सकाळच्या उन्हात लांबूनही ओळखू येत होते. सलईचा डिंक काढून विकणे हा सहरियांचा जुना आधार, आणि खैरापासून कात होतो हे सांगण्याची गरज नाही. पण विडा खाणाऱ्या आपल्या घरांतून खैराचे झाड किती जणांनी पाहिलेले असते, कोण जाणे. आईने तरी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

झाडांविषयी मी इतके लिहितो त्यामागे कारण आहे. जंगलफेरीच्या जाहिरातींतून जंगल म्हणजे प्राण्यांमागचा पडदा असल्यासारखे दाखवले जाते. कुनोचे वैशिष्ट्य नेमके उलट आहे. हे कोरडे पानझडी रान आहे, काठेवाड-गीरच्या पट्ट्यातल्या रानांशी त्याचे जवळचे नाते आहे, आणि या नात्यामुळेच गीरच्या सिंहांसाठी दुसरे घर शोधताना अभ्यासकांची निवड इथे येऊन थांबली होती. उतारावर करधई, सपाटीवर खैर आणि बोर, जुन्या शेतांच्या जागी गवत, आणि या सगळ्यांच्या मधून वाहणारी नदी, अशी चार वेगवेगळी घरे इथे काही किलोमीटरांच्या आत शेजारी शेजारी आहेत. दर अर्ध्या तासाला आपण एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि पक्ष्यांचे आवाजही बदलत जातात.

गवताळ मैदानाची गोष्ट सर्वांत अवघड आहे. आम्ही एका मोकळ्या जागी थांबलो. समोर कमरेएवढे, वाळून सोनेरी झालेले गवत होते, त्यात चितळांचा मोठा कळप चरत होता, पलीकडे दोन नीलगायी उभ्या होत्या. दृश्य देखणे होते. पण गवतात मधेच एक आंब्याचे झाड होते, थोड्या अंतरावर विहिरीचा पडका काठ होता आणि पायाचे दगड ओळीने दिसत होते. इथे गाव होते. सिंहांसाठी जागा मोकळी करायची म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अभयारण्यातली २४ गावे बाहेर हलवण्यात आली, आणि त्यांतली बहुतेक माणसे सहरिया होती. शेते पडीक राहिली, त्यांवर गवत आले, गवतावर चितळ वाढले. वाटाड्याचे आजोबा अशाच एका गावचे. तो हे कोणत्याही कडवटपणाशिवाय, पण खाली पाहून सांगत होता. ज्या सिंहांसाठी माणसे उठली ते सिंह आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये त्यांना इथे आणण्याचा आदेश दिला, तरीही आले नाहीत. गीरमध्ये २०१८ साली रोगाच्या साथीत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा सगळे सिंह एकाच ठिकाणी ठेवण्यातला धोका साऱ्या देशाला दिसला होता. मला वाटते, या मैदानात थांबणाऱ्या प्रत्येक गाडीत ही हकिगत सांगितली गेली पाहिजे. ते गवत कोणाच्या अंगणात उगवले आहे, हे ठाऊक असताना ते जास्त काळजीपूर्वक पाहिले जाते.

तिथून नदीकडे उतरलो. कुनो नदी दक्षिणेकडून, शिवपुरीच्या पठाराच्या बाजूने येते, उद्यानाचे दोन भाग करीत उत्तरेला जाते आणि पुढे चंबळेला मिळते. मराठ्यांच्या फौजांच्या कथांतून ‘चंबळेपार’ हा शब्द आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. त्या चंबळेला पाणी पुरवणाऱ्या लहान नद्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नसतात. करधईचे वाळलेले रान संपते आणि उतार ओलांडताच अंगाला गारवा जाणवतो. काठावर अर्जुन उभे आहेत, गुळगुळीत पांढुरक्या खोडांचे, पाण्याकडे झुकलेले, मुळांनी दरड घट्ट धरून ठेवलेले. त्यांच्यामध्ये जांभळीची गडद पाने. मार्चमध्ये वरचे सगळे रान उघडे पडलेले असताना नदीकाठाची ही अरुंद पट्टी हिरवी होती, आणि त्या पट्टीचे महत्त्व समजायला तिथे घटकाभर नुसते बसणे पुरते. वानरे वरच्या फांद्यांवरून पाला तोडून टाकत होती आणि खाली चितळ तो पाला खात होते. वानर उंचावरून पाहते, चितळाला वास आधी लागतो; दोघांपैकी कोणीही ओरडले की दोघेही सावध होतात.

वाटाड्याने चालकाला इंजिन बंद करायला सांगितले आणि आम्हालाही बोलू नका म्हणाला. असे आम्ही वीस-पंचवीस मिनिटे बसलो. माझ्या मते संपूर्ण फेरीतला हा सर्वोत्तम भाग. पाणी थोडे होते. प्रवाह खडकांमधून बारीक होऊन वाहत होता आणि वळणावर एक मोठा, गडद डोह होता. डोहाच्या पलीकडच्या वाळूवर एक मगर जबडा उघडा टाकून ऊन घेत पडली होती. सुरुवातीला वहिनींना तो ओंडकाच वाटला. नदी टिटवी खडकावर उभी होती, खंड्या दोनदा पाण्यावर झेपावला, आणि अर्जुनाच्या ढोलीशी एक मत्स्य घुबड डोळे मिटून बसले होते, ते वाटाड्याने बोटाने दाखवले नसते तर आमच्यापैकी कोणालाही दिसले नसते. मोरांचे ओरडणे चालूच होते. मग पलीकडच्या काठावरून सांबराची एक मादी पिलासह उतरली, पुष्कळ वेळ थबकली, मगरीपासून अंतर राखून पाणी प्याली आणि आल्या वाटेने परत गेली.

वाटाड्याने डोहांचे महत्त्व फार सोप्या शब्दांत सांगितले. मे महिन्यात नाले आटतात, प्रवाह जागोजाग तुटतो, आणि नदी म्हणजे फक्त डोहांची माळ उरते. त्या दिवसांत खोऱ्यातले सगळे जीवन डोहांभोवती गोळा होते. चितळ, रानडुक्कर, अस्वल, तरस आणि त्यांच्या मागावर येणारा बिबट्या, सगळे एकाच काठावर, फक्त वेगवेगळ्या वेळी. काठचे अर्जुन तोडले, वाळू उपसली, की डोह भरत जातो आणि उन्हाळ्यातले पाणी संपते. पुढे चंबळेतही हाच हिशेब आहे. सुसर, म्हणजे लांब अरुंद तोंडाची आणि मासे खाऊन राहणारी, चंबळेच्या खोल पाण्यावर आणि वाळूच्या काठांवर जगते. मार्च-एप्रिलमध्ये ती वाळूतच अंडी घालते. तिथल्या अभयारण्याचे प्राण कुनोसारख्या उपनद्यांच्या पाण्यात आहेत. नदी नकाशावर एका रेषेएवढी असते, पण काठाचा जो ओला पट्टा ती सांभाळते त्यावर आजूबाजूच्या सबंध कोरड्या रानाचा उन्हाळा निघतो, हे मी पुस्तकातून वाचले असते तर वाचून विसरलो असतो.

चित्त्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती माहिती सर्वत्र मिळते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले ८ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणलेले १२ चित्ते कुनोत आले. काही दगावले, २०२३ च्या पावसाळ्यात ठावठिकाणा कळवणाऱ्या मानेवरच्या पट्ट्याखाली जखमा होऊन झालेले मृत्यू विशेष चटका लावणारे होते. इथेच पिलेही जन्मली आणि वाढली. आमच्या ग्वाल्हेरकरांच्या दृष्टीने यात एक जुना धागा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव शिंदे महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून याच भागात सोडले होते, आणि तो प्रयोग गुरांवर व माणसांवर हल्ले होऊ लागल्याने फसला. म्हणजे बाहेरून मोठा शिकारी प्राणी आणून या रानात रुजवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. या वेळी सोबत पशुवैद्य आहेत, देखरेखीची यंत्रणा आहे, गावोगावी नेमलेले ‘चीता मित्र’ नावाचे स्वयंसेवक आहेत, आणि तो यशस्वी व्हावा असे मला मनापासून वाटते. पण तो यशस्वी होईल तो चितळांच्या, गवताच्या आणि डोहांच्या बळावर, हेही तितकेच खरे आहे. १९८१ मध्ये अभयारण्य म्हणून राखलेल्या आणि २०१८ मध्ये सुमारे ७४९ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झालेल्या या रानात चाळीस वर्षे जे सांभाळले गेले, त्यावरच चित्त्यांना उतरवता आले.

आता सेवेविषयी. वाटाड्याला मी पूर्ण गुण देतो. त्याला झाडांची, पक्ष्यांची आणि पावलांच्या ठशांची माहिती होती. जे माहीत नव्हते तिथे त्याने ‘मला ठाऊक नाही’ असे सांगितले, आणि मातीत उमटलेल्या एका ठशाला आम्ही उत्साहाने चित्त्याचे पाऊल म्हणू लागलो तेव्हा त्याने वाकून पाहून तो तरसाचा असल्याचे सांगितले. पर्यटकांना खूश करण्यासाठी तो गप्प राहू शकला असता. जीपचा चालकही समंजस होता. चितळांजवळ वेग कमी करीत होता आणि रस्ता सोडून एकदाही खाली उतरला नाही. जीप मात्र जुनी होती आणि मागच्या बाकाची गादी बसून गेलेली होती, त्यामुळे आईला कंबरेचा त्रास झाला. मालक खासगी होता. परतल्यावर मी त्याला तसे सांगितले, त्याने ऐकून घेतले. वृद्ध माणसे बरोबर असतील तर पुढच्या बाकासाठी आधीच आग्रह धरावा आणि घरून एक जाड उशी घ्यावी.

आणखी एक निरीक्षण. नदीवर आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात दुसऱ्या दोन गाड्या आल्या, मिनिटभरही न थांबता वळल्या आणि गेल्या. ‘इथे काही नाही’ असे त्यातला एक गृहस्थ मोठ्याने म्हणाल्याचे ऐकू आले, आणि त्या वेळी मगर समोर होती. दोष त्या गृहस्थांचा नाही. त्यांनाही कोणीतरी हमी विकलेली असणार. पण आपण फेरी सुरू होतानाच वाटाड्याला सांगून ठेवले, की आम्हाला घाई नाही, आम्हाला झाडे आणि नदी दाखवा, तर फेरीचे स्वरूपच बदलते. आमच्या बंधूंनी ते दारातच सांगितले होते आणि वाटाड्याचा चेहरा तेव्हा जो उजळला तो मी विसरणार नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मार्चच्या पहाटे गारठा असतो आणि दहाच्या सुमारास ऊन चटके देऊ लागते, तेव्हा अंगावर काढता-घालता येतील असे कपडे असावेत. भडक रंग टाळावेत. धूळ पुष्कळ असते, नाकातोंडावर बांधायला सुती पंचा किंवा ओढणी हवी. पाणी पुरेसे घ्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. दुर्बीण असेल तर अवश्य न्यावी, कारण नदीवरचे अर्धे सुख दुर्बिणीत आहे. आमच्या चौघांत एकच होती आणि तीवरून थोडी ओढाताण झाली. आत खाण्यापिण्याचे काही मिळेल असे धरून चालू नये. वहिनींनी केलेल्या दशम्या आणि चटणी आम्ही बाहेर आल्यावर एका पळसाखाली बसून खाल्ली, आणि पळस त्या दिवसांत पानांशिवाय नुसता केशरी फुललेला असतो. पालपूरची जुनी गढी कुनोच्या काठावरच आहे, पण ती आमच्या ठरलेल्या वाटेवर नव्हती. गड-वाड्यांच्या ओढीने जाणाऱ्यांनी ती पाहायला मिळेल का याची चौकशी आधी करावी. पावसाळ्यात उद्यान बंद असते आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडते.

गुण द्यायचे तर वाटाड्या आणि जंगल यांना पाचपैकी पाच, जीपला तीन, निवासाला दोन, आणि हमी विकणाऱ्याला शून्य. त्याने वेगळी घेतलेली रक्कम मी परत मागितली आहे. अजून मिळालेली नाही.

आम्ही पुन्हा जाणार आहोत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, उद्यान उघडल्याबरोबर, नदी भरलेली आणि करधई अजून हिरवी असताना. वाटाड्याचे नाव आईने स्वतःच्या वहीत लिहून घेतले आहे, आणि त्याने सांगितलेल्या दोन झाडांची नावे ती विसरली आहे, ती त्याला पुन्हा विचारायची आहेत.